व्हायकिंग आणि मराठे

नवव्या-दहाव्या शतकांतील नॉर्वे-डेन्मार्कचे व्हायकिंग केवळ लुटारू नव्हते. मुळात ते शेतकरी होते. कित्येकजण पेरणी आटोपून जहाजे हाकारीत व कापणीस परतत; घराच्या किल्ल्या गृहिणीच्या कमरेस असत.

चिखलीप्रमाणेच बुलढाणा जिल्ह्यात असलेले सिंदखेड हे जिजाबाईंचे माहेर. त्यांच्या पुत्राचे सैन्यही असेच ऋतुमानाने चाले. पावसाळा छावणीत, दसऱ्यास कूच, आठ महिने परमुलखात आणि परतताच लुटीचा हिशेब सरकारांत, असे सभासदाच्या बखरीत लिहिले आहे.

भेद मात्र मोठा होता. व्हायकिंग बायकामुले पकडून गुलाम म्हणून विकीत. शिवछत्रपतींनी आपल्या सैन्यास बायकामुले धरण्याची मनाई केली होती. परक्याच्या लेकरांची चिंता वाहणारा हा नियम एखाद्या बळकट किल्ल्याहून कमी मोलाचा नव्हता.