गाठ पाण्याशी आहे
बर्फात धावणाऱ्याच्या कपड्यांविषयी आणि बुटांविषयी : प्रस्तावना

बर्फात धावायला जायचे म्हटले की घरातून पहिला सल्ला येतो, "भरपूर कपडे घालून जा." काळजीपोटी दिलेला हा सल्ला पहिल्या दोन-तीन किलोमीटरांतच अंगाशी येतो. 70 किलो वजनाचा माणूस ताशी 10 किलोमीटर वेगाने धावला, तर तासाभरात सुमारे 700 किलोकॅलरी खर्च करतो. त्यातला पाऊण हिस्सा, बहुधा त्याहून थोडा जास्तच, नुसती उष्णता होऊन बाहेर पडतो. म्हणजे 600 वॉटच्या वर. तोच माणूस खुर्चीत स्वस्थ बसला असता, तर आकडा 100 च्या आसपास राहिला असता. धावणारा माणूस ही चालती शेगडी आहे. तिला गोधडीत गुंडाळून ठेवले तर काय होणार हे सांगायला शास्त्रज्ञ नको.

होते ते असे, की घाम येतो. एक लिटर घाम त्वचेवर पूर्ण वाळला तर सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, म्हणजे वर सांगितलेली तासाभराची सगळी उष्णता जवळजवळ एका लिटरात निघून जाऊ शकते. अडचण आहे ती 'पूर्ण वाळला तर' या शब्दांत. मे महिन्यात मरीन ड्राइव्हवर धावलेल्या माणसाला ही अडचण समजावून द्यावी लागत नाही. तिथे हवाच इतकी दमट असते की घाम निथळतो, पण थंडावा देत नाही. बर्फाळ मुलखात घाम त्वचेपाशी वाळतो, त्याची वाफ कपड्यांतून बाहेर निघते, आणि सर्वांत बाहेरच्या गार थराशी पोचली की तिचे परत पाणी होते. थंडी कडक असली तर थेट हिमकण. आकाश निरभ्र असताना जाकीट आतून ओले निघते ते यामुळे. पाणी हे स्थिर हवेच्या सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेते. धाव चालू आहे तोवर हे कळत नाही. पोटरीत गोळा आला, वाट चुकली, कोणाची तरी वाट पाहत उभे राहावे लागले, की मग ओले कपडे आपला हिशेब मांडायला लागतात. म्हणून या विषयाचा अभ्यासक धावण्याइतकाच थांबण्याचा विचार करतो.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाला माझे सांगणे एवढेच आहे की थंडीचा फार विचार न करता पाण्याचा माग काढत यावे. त्वचेवरचे पाणी, कपड्याच्या धाग्यातले पाणी, श्वासातली वाफ, बुटाखालचा बर्फ आणि त्या बर्फावरचा ओलसर थर, असा तो माग आहे. त्यावरून चालत गेले की वरवर सुटी दिसणारी प्रकरणे एकाच विषयाची निघतात.

ध्रुवीय प्रवासाच्या वृत्तान्तांत हा माग सर्वांत ठळक दिसतो. फ्रिद्योफ नान्सेन आणि यालमार योहान्सेन 1895 मध्ये जहाज सोडून उत्तर ध्रुवाकडे निघाले, तेव्हा घामाने भिजलेले त्यांचे लोकरी कपडे गोठून चिलखतासारखे कडक झाले. नान्सेनच्या मनगटावर बाहीच्या गोठलेल्या कडेने खोल जखमा झाल्या. 1911 च्या जुलैत, दक्षिण गोलार्धाच्या ऐन हिवाळ्यात, ॲप्सली चेरी-गॅरार्ड आणि त्याचे दोन सोबती एम्परर पेंग्विनची अंडी आणायला केप क्रोझियरला गेले. एका सकाळी तंबूबाहेर पडून त्याने मान वर करून आजूबाजूला पाहिले, आणि मान तशीच राहिली. काही सेकंदांत कपडे गोठले होते. पुढचे चार तास त्याने मान वर ठेवूनच गाडी ओढली. प्रवास संपेपर्यंत त्याच्या झोपायच्या पिशवीचे वजन दुपटीच्या पुढे गेले होते. ती भर त्याच्याच अंगातून निघालेल्या पाण्याची होती.

तशाच थंडीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या इन्युइट लोकांनी हे कोडे केव्हाच सोडवले होते. कॅरिबूच्या कातड्याचे दोन अंगरखे, आतल्याची लव त्वचेकडे आणि बाहेरच्याची लव बाहेर, दोन्ही मुद्दाम सैल. कष्ट वाढले की गळ्यापाशी मोकळे करायचे. गरम दमट हवा वरून निघून जाते. रोआल आमुंडसेनने 1903 ते 1906 च्या 'ग्योआ' सफरीत नेट्सिलिक लोकांकडून ही विद्या नम्रपणे शिकून घेतली, आणि पुढे दक्षिण ध्रुवावर तिचा उपयोग केला. आजच्या जाकिटाला काखेत जी चेन असते ती याच विचाराची, जरा कंजूष आवृत्ती आहे. नॉर्वेच्या सैन्यातील अधिकारी हेन्रिक ब्रून याने 1933 मध्ये हेरिंग मासे धरायच्या जाळ्यापासून बनियन तयार केले, तेही याच वाटेवरचे. भोकांचे बनियन थंडीसाठी, हे ऐकून आजही लोक हसतात. पण जाळीच्या घरांत कोरडी हवा अडकते आणि कापड त्वचेला जेमतेम शिवते. मला स्वतःला लांब पल्ल्यासाठी याहून चांगला पहिला थर माहीत नाही.

शास्त्र म्हणून या विषयाची मांडणी झाली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. कपड्याची ऊब मोजायचे 'क्लो' हे एकक 1941 मध्ये आले: सुमारे 21 अंशांच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला आरामात ठेवील इतकी ऊब म्हणजे एक क्लो. त्याच सुमारास अंटार्क्टिकात पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसल प्लॅस्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात गोठायला किती वेळ लागतो ते मोजत होते. बोचऱ्या वाऱ्याचा जो निर्देशांक आज हवामानाच्या बातम्यांत सांगतात, त्याचा उगम या नळकांड्यात आहे. 2001 मध्ये अमेरिका आणि कॅनडाने नवे सूत्र स्वीकारले. त्यात माणूस ताशी 4.8 किलोमीटर वेगाने चालतो आहे असे धरले आहे. धावपटू त्याच्या दुप्पट-अडीचपट वेगाने जातो, तेव्हा समोरून वारा असेल तर बातम्यांतला आकडा त्याला कमीच पडतो. वारा पाठीशी असेल तर उलट. जाणती मंडळी जाताना वाऱ्याच्या तोंडावर आणि परतताना वारा पाठीवर घेऊन धावतात, कारण परतीच्या वेळी अंग भिजलेले असते.

धाग्यांचे प्रकरण मोठे आहे आणि त्यात जाहिराती फार. थोडक्यात एवढे: सुती कापड पाणी धरून बसते आणि अंगाला चिकटते, म्हणून ते घरी ठेवावे. पॉलिएस्टरचा धागा स्वतः पाणी पीत नाही. ते धाग्यांच्या मधल्या फटींतून पसरते आणि लवकर वाळते. लोकर मात्र धाग्याच्या आत, आपल्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश वाफ सामावून घेते, आणि घेताना थोडी उष्णताही सोडते. आपल्याकडची घोंगडी घेऊन पावसात मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगराला लोकरीचा हा गुण प्रयोगशाळेविना माहीत आहे. दख्खनी मेंढीची ती जाड, राठ लोकर धावपटूच्या उघड्या त्वचेला सोसणार नाही हे खरे; तिथे मेरिनोचा बारीक धागा लागतो. धर्म मात्र दोन्हींचा एकच.

बाहेरच्या थराची कथा 1969 मध्ये वळण घेते. बॉब गोर याने टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्यात ताणून सूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा बनवला. पाण्याचा थेंब आत येऊ शकत नाही, वाफ बाहेर जाऊ शकते. सिद्धान्त सुंदर आहे. पण वाफ बाहेर जाण्याचा या पापुद्र्याचा वेग आणि धावणाऱ्याला घाम येण्याचा वेग यांची बरोबरी क्वचितच होते. कोरड्या थंडीत पातळ विंडचीटर बहुधा अधिक कामाचा ठरतो. महागडे जाकीट भिजक्या हिमवर्षावासाठी राखून ठेवावे. शिवाय पाणी झटकून टाकणारी जी रसायने अशा कापडांवर वर्षानुवर्षे वापरली गेली ती निसर्गात विघटित होत नाहीत. कॅलिफोर्नियाने 2025 पासून कपड्यांतल्या अशा रसायनांवर बंदी घातली आहे, तेव्हा हे प्रकरण लिहून संपत नाही तोच जुने होत चालले आहे.

हातापायांची बोटे, कान, नाक यांचा न्याय वेगळा. धड तापलेले असताना बोटे बधिर का होतात? एक तर थंडीत शरीर कडेचा रक्तपुरवठा आवरते. दुसरे कारण भूमितीचे आहे: बारीक दंडगोलावर जाड थर चढवला की उष्णता सोडणारा पृष्ठभागही वाढत जातो, आणि एका मर्यादेनंतर जाडीचा फायदा फारसा उरत नाही. म्हणून पाचही बोटे वेगळी ठेवणाऱ्या हातमोज्यापेक्षा चार बोटे एकत्र ठेवणारा मिटन सरस. 'निम्मी उष्णता डोक्यातून जाते' हे मात्र विसरावे; अंग पूर्ण झाकून डोके तेवढे उघडे ठेवलेल्या प्रयोगांतून ती समजूत पसरली. टोपी घालावी ती कानांसाठी. पुरुष वाचकांनी आणखी एका गोष्टीची नोंद घ्यावी. 1977 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका डॉक्टरांचे पत्र छापून आले होते: पातळ पॉलिएस्टरच्या विजारीत शून्याखालच्या हवेत धावल्यामुळे एका गृहस्थाच्या अगदी नाजूक जागी हिमदंशाची सुरुवात झाली होती. पत्र वाचून हसू येते, पण पुढच्या बाजूला वारा अडवणारे कापड लावलेल्या चड्ड्या त्यानंतर कोणाला विनोदी वाटू नयेत.

आता पायाखाली. बर्फ निसरडा का, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. जेम्स थॉमसनने 1849 मध्ये दाब वाढला की बर्फाचा वितळणबिंदू उतरतो हे दाखवले, आणि वजनाने बर्फ वितळतो अशी समजूत शाळेच्या पुस्तकांत जाऊन बसली. पण एका अंशाच्या फरकासाठी सव्वाशेहून अधिक वातावरणांचा दाब लागतो; बुटाचा तळ तेवढा दाब कुठून आणणार? मायकेल फॅरडेने 1850 मध्येच सुचवले होते की बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच पाण्याचा पातळ थर असतो. 1939 मध्ये बोडेन आणि ह्यूझ यांनी घर्षणाच्या उष्णतेकडे बोट दाखवले. धावपटूला या वादातून हाती लागते ते असे: उणे 25 अंशांतला बर्फ बराच विश्वासू असतो, शून्याच्या आसपासचा दगाबाज. दुपारी वितळून रात्री पुन्हा गोठलेला रस्ता सर्वांत वाईट.

भुसभुशीत हिमात तळाचे खोल दात पुरतात, कारण दाबलेले हिम त्यांच्या मध्ये घट्ट बसते. गुळगुळीत बर्फावर त्यांचा काही उपयोग नाही. शिवाय थंडीत रबरही कडक होते. तिथे टंगस्टन कार्बाइडचे खिळेच हवेत. टोरांटोच्या पुनर्वसन संशोधन संस्थेत बर्फाची फरशी असलेली एक खोली आहे. ती खोली हळूहळू कलती करतात आणि बूट घातलेला माणूस किती अंशांवर घसरतो ते पाहतात. सात अंश ही उत्तीर्ण होण्याची किमान रेघ, आणि बाजारातले बहुतेक हिवाळी बूट तिच्याही अलीकडेच घसरले. काही अमेरिकी धावपटू जुन्या बुटांच्या तळात षट्कोनी माथ्याचे, पत्र्याचे आखूड स्क्रू पिळून काम भागवतात. उपाय स्वस्त आहे आणि खरोखर चालतो. घरातल्या फरशीवर तेवढे घालून फिरू नये.

मराठी वाचकाला हा विषय आता परका राहिलेला नाही. टोरांटो, शिकागो, मिनियापोलिस इथल्या मराठी घरांतून नोव्हेंबरनंतरही धाव न सोडणारी मंडळी निघू लागली आहेत. आणि देशातच, 2022 मध्ये लाहौलमधल्या सिस्सूला हिमातली मॅरेथॉन झाली, 2023 च्या फेब्रुवारीत लडाखमधल्या गोठलेल्या पँगाँग सरोवरावर अर्धमॅरेथॉन झाली. सुमारे 4,250 मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम 60 टक्के असतो. विरळ हवा उष्णता थोडी कमी नेते, पण प्राणवायू कमी असल्याने वेगही पडतो, आणि वेग पडला की 600 वॉट राहत नाहीत. कॅनडातल्या मित्राने सांगितलेले थर पँगाँगवर जसेच्या तसे लागू पडणार नाहीत ते यामुळे. एक थर अधिक लागेल, आणि तो धावता धावता काढता येईल असा लागेल.

जुने मूलभूत प्रयोग बहुतांशी तरुण सैनिकांवर झालेले आहेत. स्त्री धावपटूंविषयीचे प्रकरण त्यामुळे या पुस्तकात सर्वांत लहान आहे, आणि त्यात नवी भर घालायला जागाही सर्वांत जास्त आहे. क्रमाने वाचायचा आग्रह नाही. पडण्याची भीती असलेल्यांनी बुटांपासून सुरुवात करावी, लडाखला निघालेल्यांनी हातमोज्यांपासून. बाकीच्यांनी धाग्यांचे प्रकरण आधी वाचून मगच दुकानात जावे.