धुलाईयंत्राचे विकार आणि पेण-रोह्याचें पाणी

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांसमोर गड, तह आणि राजवंशांच्या वंशावळी उभ्या राहतात. कपडे धुण्यालाही इतिहास आहे, आणि घरांतील धुलाईयंत्र बिघडून पडतें त्या वेळीं तो विशेष स्पष्टपणें वाचतां येतो, हें मात्र सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. त्या इतिहासाचा थोडा परामर्श आज रायगड जिल्ह्यांतील पेण आणि रोहा या दोन गांवांच्या आधारानें घ्यावयाचा आहे.

जुन्या ग्रामव्यवस्थेंत हें काम परिटाकडे असे. बलुतेदारांत त्याची गणना होई आणि मोबदला बहुधा धान्याच्या रूपानें मिळे. भिजविणें, खार लावून भट्टीवर चढविणें, दगडावर आपटणें, पिळणें आणि वाळविणें असा त्याचा क्रम होता. डाग राहिला तर जाब देणारा माणूस समोर असे. मात्र हें काम जन्मानें गळ्यांत पडलेलें होतें व तें नाकारण्याची मुभा नव्हती, हें विसरून त्या व्यवस्थेचे गोडवे गाणें योग्य नव्हे. शिवाय रोजचें धुणें बहुतेक घरांत बायकांच्याच मनगटांवर चालत आलें.

यंत्रानें हाच क्रम उचलला. १८५८ सालीं अमेरिकेंत हॅमिल्टन स्मिथ यानें फिरत्या पिंपाच्या यंत्राचें पेटंट घेतलें; १९०८ च्या सुमारास शिकागोच्या हर्ली कंपनीनें ‘थॉर’ हें विजेवर चालणारें यंत्र बाजारांत आणलें; आणि १९३७ सालीं बेंडिक्सचें स्वयंचलित यंत्र अवतरलें. आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांत हीं यंत्रें शिरलीं तीं १९८० च्या दशकाच्या अखेरीस. त्या वेळच्या औरंगाबादेच्या व्हिडिओकॉनचें नांव तेव्हां घरोघरीं झालें होतें.

यंत्राला दोन गोष्टी लागतात, वीज आणि पाणी. आणि या दोहोंचा कुंडलिकेच्या खोऱ्याशीं फार जवळचा संबंध आहे. मुळशीच्या धरणाचें पाणी सह्याद्रीवरून खालीं उतरवून भिरा येथें टाटांनीं १९२७ सालीं विद्युत्केंद्र सुरू केलें. त्या धरणासाठीं मावळांतील शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या आणि सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं मुळशीचा सत्याग्रह लढला गेला. भिऱ्याची वीज मुंबईकडे गेली; वीज करून मोकळें झालेलें पाणी कुंडलिकेंत उतरलें. सह्याद्रीच्या पूर्वेस जाणारें पाणी असें कोलाडवरून रोह्याशीं येऊं लागलें आणि पावसाळा सरल्यावरही नदी वाहती राहिली. पेणची कथा निराळी आहे. भोगावतीच्या कांठचें हें गांव खाडीला लागून, पलीकडे मिठागरें आणि खारेपाट. तेथें उन्हाळ्यांत गोड्या पाण्यासाठीं वणवण करणाऱ्या वस्त्यांना धुलाईयंत्र म्हणजे परक्याची चैन वाटली, तर नवल नाहीं.

यंत्राचे विकार या भूगोलांतूनच उद्भवतात. पावसाळ्यांतील गढूळ पाणी नळीच्या तोंडाशीं बसविलेल्या जाळींत गाळ सोडतें. यंत्र सावकाश भरूं लागतें, आणि मालक व्यर्थ मोटरीला दोष देतो. विहिरीचें वा कूपनलिकेचें पाणी जड असेल तर पाणी तापविणाऱ्या कांडीवर क्षाराचें पूट चढतें. उष्णता बाहेर पडेनाशी होते आणि कांडी जळते. खाऱ्या, दमट हवेनें पत्रा गंजतो, तारांचे सांधे हिरवे पडतात आणि पत्र्याला हात लावतांच झिणझिण्या येतात. असें झाल्यास वापर तत्काळ थांबवून अर्थिंग तपासून घ्यावें. तेथें हयगय प्राणावर बेतूं शकते.

निदानाची रीत वैद्याच्या रीतीसारखीच आहे: तक्रार एका ठिकाणीं, मूळ दुसऱ्या ठिकाणीं. ‘यंत्र कपडे पिळत नाहीं’ ही नेहमींची तक्रार. परंतु स्वयंचलित यंत्र आंतील पाणी गेल्यावांचून पिळण्यास आरंभच करीत नाहीं. म्हणून आधीं सांडपाण्याच्या पंपाची गाळणी उघडावी. तेथें नाणें, केसांची पिन किंवा बटण सांपडतें आणि यंत्र बरें होतें. मोटर नुसती गुणगुणते पण फिरत नाहीं, तर वीज तोडून चक्र हातानें फिरवून पाहावें. अडलें तर कांहीं अडकलें आहे किंवा बेअरिंग गेलें आहे. मोकळें फिरलें तर कपॅसिटरचा संशय घ्यावा. मोटर फिरते आणि चक्र स्थिर राहतें, तर पट्टा तुटला समजावें. कपॅसिटरांत वीज तोडल्यावरही भार उरतो, यास्तव त्याला हात घालण्याचें काम जाणत्याचेंच.

ज्याला आपण ‘ड्रायर’ म्हणतों तें बहुधा नुसतें वेगानें पिळणारें पिंप असतें. तें फिरलें नाहीं तर झांकणाचा खटका आणि ब्रेकची तार पाहावी. खरा गरम हवेचा ड्रायर कोंकणांतल्या चार महिन्यांच्या पावसांत मोहक वाटतो खरा. परंतु त्याच्या जाळीवर सुताचा कोंडा सांचला कीं हवा कोंडते, आंतील उष्णतारोधक फ्यूज उडतो आणि यंत्र थंड पडतें. कोंडा न काढतां नुसता फ्यूज बदलला तर तो पुन्हां उडणार.

येथें इतिहास पुन्हां डोकावतो. परिटाला जाब विचारतां येत असे. यंत्राचा कर्ता मात्र दूर असतो, आणि कधीं कधीं राहतही नाहीं. २०१८ सालीं व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या कारवाईंत गेली. तिचीं यंत्रें मात्र लोकांच्या घरांत होतींच. अशा यंत्रांचें आयुष्य पेठेंतल्या दुरुस्ती करणाऱ्याच्या हातीं उरतें. जुन्या यंत्राचा सुटा भाग दुसऱ्याला बसवून तो तें चालतें करतो. केंद्र सरकारनें डिसेंबर २०२२ मध्यें ‘दुरुस्तीच्या हक्का’साठीं जें संकेतस्थळ उघडलें, त्यामागें हाच विचार आहे कीं, वस्तु विकत घेणाऱ्याला ती दुरुस्त करून वापरण्याचीही सोय असली पाहिजे. हा हक्क कागदावर न राहतां गांवोगांव पोंचावयाचा, तर सुटे भाग आणि यंत्राच्या आंतील रचनेची माहिती पेण-रोह्याच्या लहानशा दुकानालाही मिळाली पाहिजे. तशी ती न मिळाली, तर चार आण्यांच्या जाळीपायीं अख्खें यंत्र भंगारांत जाईल. आणि धुण्याचा भार पुन्हां त्याच मनगटांवर येईल, ज्यांवरून तो उतरावयास शंभर वर्षांहून अधिक काळ लागला.