रूपनाथची शिळा : एका धर्मजागृतीची दोन पर्वे

जबलपूरच्या ईशान्येस, कटनीकडे जाणाऱ्या मार्गावर, सुमारे ४० किलोमीटर अंतरावर सिहोरा वसले आहे. बहोरीबंदचा परिसर पूर्वी याच सिहोरा तहसिलीत मोडत असे. १९९८ मध्ये कटनी हा स्वतंत्र जिल्हा झाल्यावर तो तिकडे गेला. त्या परिसरात, कैमूरच्या डोंगरपायथ्याशी रूपनाथ नावाचे शिवस्थान आहे. डोंगरावरून उतरणाऱ्या ओढ्याची एकाखाली एक अशी तीन कुंडे तेथे असून राम, लक्ष्मण आणि सीता यांच्या नावांनी ती ओळखली जातात. या कुंडांजवळच्या एका शिळेवर सम्राट अशोकाचा लेख कोरलेला आहे. भारतीय समाजाला हलवून सोडणाऱ्या एका धर्मजागृतीचा हा समकालीन पुरावा सिहोऱ्याच्या अंगणातला म्हणावा इतका जवळचा आहे.

हा लेख जेमतेम सहा ओळींचा आहे. लिपी ब्राह्मी आणि भाषा प्राकृत. लेखात अशोक स्वतःविषयीच बोलतो. आपण अडीच वर्षांहून अधिक काळ उपासक होतो, परंतु आपल्या हातून फारसा प्रयत्न झाला नाही. वर्षाहून अधिक काळापूर्वी संघाच्या सान्निध्यात आल्यावर मात्र आपण नेटाने उद्योगास लागलो, असे तो सांगतो. पृथ्वीपती असलेला राजा आपल्या प्रजेसमोर स्वतःच्या ढिलाईची कबुली देतो, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने असाधारण होय. पुढचे विधान त्याहून महत्त्वाचे आहे. प्रयत्नाचे हे फळ केवळ थोरांनाच मिळते असे नाही. लहान माणसानेही मनापासून यत्न केला तर त्यालाही मोठा स्वर्ग लाभू शकतो. म्हणून लहानथोर सर्वांनी झटावे, सीमेवरच्या लोकांनाही हे कळावे आणि हा मजकूर जागोजागी दगडावर कोरला जावा, अशी आज्ञा लेखात आहे. बिहारातील सासाराम, राजस्थानातील बैराट, कर्नाटकातील मस्की अशा दूरदूरच्या ठिकाणी याच आशयाचे लेख सापडले आहेत.

या शब्दांचे मोल कळण्यासाठी तत्पूर्वीचा समाज ध्यानी घ्यावा लागतो. यज्ञयागांवर उभा असलेला तो धर्म खर्चिक होता. त्याची विधी जाणणारी मंडळी मोजकी होती आणि त्याची भाषा सामान्यांच्या कानांना परकी होत चालली होती. बुद्ध आणि महावीर यांनी इसवी सनापूर्वी सहाव्या-पाचव्या शतकांच्या सुमारास लोकभाषेतून उपदेश करून याला पहिला धक्का दिला. अशोकाने त्या विचाराला राज्याचे बळ दिले. राज्याभिषेकानंतर आठ वर्षांनी झालेल्या कलिंगयुद्धात एक लाख माणसे मारली गेली आणि दीड लाख देशोधडीला लागली, हे त्याने आपल्या लेखात स्वतःच नोंदवले आहे. त्या पश्चात्तापातून त्याचे धोरण घडले. यज्ञासाठी होणाऱ्या पशुवधाला त्याने बंदी केली, धर्ममहामात्र नावाचे अधिकारी नेमले, आणि स्वतःच्या पंथाची स्तुती करताना दुसऱ्याच्या पंथाची निंदा करू नये, असे सर्व पंथांना बजावले.

या जागृतीची खूण महाराष्ट्रातही दिसते. सोपारा येथे अशोकाच्या लेखांचे तुकडे सापडले; त्यांतील पहिला १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या हाती लागला. त्यानंतरच्या शतकांत सह्याद्रीच्या कुशीत लेणी खोदली गेली. त्यांच्या भिंतींवर राजे आणि सावकार यांच्या नावांशेजारी नाशिकला एक मच्छीमार, कान्हेरीला एक लोहार, कुडे येथे एक माळी आणि कार्ल्याला एक सुतार दाते म्हणून नोंदले गेले आहेत. भिक्षुणींची नावेही आहेत. लहान माणसालाही वाट मोकळी आहे, हे रूपनाथच्या शिळेवरचे वचन येथे प्रत्यक्षात उतरलेले दिसते.

तथापि हा बदल पूर्ण नव्हता. मौर्यांचे राज्य अशोकानंतर सुमारे अर्ध्या शतकात लयास गेले. दान देण्याचा अधिकार मिळाला, तरी जन्मावरून ठरणारी उच्चनीचता मोडली नाही. पुढे तर लिपीच विस्मृतीत गेली. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने अशोकाचे दोन स्तंभ दिल्लीस आणवले, तेव्हा त्यांवरचा मजकूर कोणालाही वाचता आला नाही. रूपनाथला यात्रेकरू येत राहिले, कुंडांत स्नान करीत राहिले. शेजारची शिळा मात्र मुकीच राहिली.

दुसरे पर्व सुरू झाले ते १८३७ मध्ये. जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपी उलगडली आणि विस्मरणात गेलेला राजा पुन्हा बोलू लागला. १९१५ मध्ये मस्कीच्या लेखात ‘अशोक’ हे नाव प्रत्यक्ष आढळले व ‘देवांचा प्रिय’ म्हणजे कोण, ही शंका उरली नाही. या ज्ञानाला मराठी माणसांनी घरोघरी नेले. कृष्णराव अर्जुन केळूसकर यांनी १८९८ मध्ये मराठीत बुद्धचरित्र लिहिले. गोव्याचे धर्मानंद कोसंबी १८९९ मध्ये बुद्धधर्माच्या शोधात घराबाहेर पडले, सिंहलद्वीपात जाऊन पाली शिकले आणि परतून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ती भाषा शिकवू लागले. देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी अशोकावर केलेली व्याख्याने १९२५ मध्ये ग्रंथरूपाने आली.

केळूसकरांच्या पुस्तकाची एक प्रत १९०७ मध्ये मॅट्रिक उत्तीर्ण झालेल्या एका विद्यार्थ्याला स्वतः लेखकाने भेट दिली. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, त्यांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बुद्धधम्माचा स्वीकार केला. त्या दिवशी नागपूर ही मध्यप्रदेशाची राजधानी होती. जबलपूर, सिहोरा आणि रूपनाथ त्याच राज्यात होते. अवघ्या १८ दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राज्यांची पुनर्रचना होऊन नागपूर वेगळे झाले. म्हणजे ज्या राज्यात ही प्राचीन शिळा होती, त्याच राज्याच्या राजधानीत तिच्यावरच्या वचनाला नवा अर्थ मिळाला. पहिल्या पर्वात जे अपुरे राहिले होते, त्या जातिभेदावरच या वेळी घाव घातला गेला, आणि तो वरून आलेल्या राजाज्ञेने नव्हे, तर खाली दडपलेल्या माणसांच्या स्वतःच्या निर्णयाने.

या दोन पर्वांमध्ये दगड बदलला नव्हता. अक्षरे शाबूत होती. वाचणारे नाहीसे झाले होते. वाचणारे परत आले, तेव्हा एका शालेय विद्यार्थ्याच्या हाती पडलेले मराठी पुस्तकही समाजाला वळण देण्यास कारणीभूत ठरले. हिंदी मुलखात साठ वर्षे मराठी अक्षरे गिरवून घेणाऱ्या शाळेच्या कामाचे महत्त्व याहून वेगळे सांगावे लागत नाही. माजी विद्यार्थी आपल्या मुलांना घेऊन कधी रूपनाथला गेले, तर कुंडांच्या दर्शनानंतर त्यांनी त्या शिळेपाशीही क्षणभर थांबावे. लहान माणसानेही झटावे, असे सांगणाऱ्या त्या सहा ओळी शाळेच्या पहिल्या इयत्तेतल्या मुलालाही समजतील इतक्या सोप्या आहेत.