थ्री नॉट थ्री आणि आज्जी

परवा भाच्याचा फोन आला. कॉलेजात एनसीसी घेतलीय, पहिल्यांदाच फायरिंग झालं, पाचातले चार लागले म्हणून स्वारी जाम खूश! रायफल पॉइंट टू टू ची होती म्हणाला. मी लगेच भाव खाऊन घेतला, "अरे, आमच्या वेळी थ्री नॉट थ्री असायची!" फोन ठेवला, पण ती रायफल काही डोक्यातून जाईना. आणि तिच्यामागोमाग आज्जी आठवली.

1986 सालची गोष्ट. मी किल्लारीहून लातूरला शिकायला आलेलो. एनसीसी घेण्याचं खरं कारण परेडनंतरचा नाश्ता, हे आता कबूल करायला हरकत नाही. फायरिंगच्या दिवशी आम्हाला पहाटे ट्रकमधून रेंजवर नेलं. ओळीने पालथे झोपलो. उस्तादांनी दहादा बजावलं होतं, बट खांद्यात घट्ट दाबून धरा. मी नेमका सैल धरला. पहिल्याच बाराला असा दणका बसला की आठवडाभर खांदा काळानिळा! प्रत्येकी पाच गोळ्या. नंतर गवतात रांगत पुंगळ्या शोधायच्या आणि मोजून परत द्यायच्या. एक जरी कमी भरली तरी जेवण नाही.

माझ्या रायफलीवर एक मुकुट, जी.आर.आय. ही अक्षरं, आणि त्याखाली इशापूर, 1943 असं कोरलेलं होतं. जी.आर.आय. म्हणजे सम्राट जॉर्ज. साहेब जाऊन चाळीस वर्षं होत आली होती, बंदूक मात्र ड्यूटीवरच!

या रायफलीचं नाव ली-एनफिल्ड. 1895 पासून ब्रिटिश फौजेत होती. नळीचा व्यास .303 इंच, म्हणून थ्री नॉट थ्री. वजन चार किलोच्या आसपास, मॅगझिनमध्ये दहा गोळ्या, आणि दर गोळीनंतर हाताने बोल्ट ओढायचा. दोन्ही महायुद्धं तिने पाहिली. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात ती लाखांनी बनली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर तिला 2020 साली निरोप दिला. इंग्लंड-अमेरिकेत अशा जुन्या लष्करी रायफली चालवणाऱ्यांचे क्लब असतात, सुट्टीच्या दिवशी डबे घेऊन मंडळी जमतात. आपल्याकडे हा बोअर सामान्य माणसाला बंद. त्यामुळे एनसीसीची रेंज हाच आमचा क्लब आणि तीच आमची सहल.

सुट्टीत गावी गेल्यावर मी सगळ्यांना खांदा दाखवत हिंडलो. सगळे हसले. आज्जी हसली नाही. तिने एकच विचारलं, "कुणावर धरली होतीस रं?"

तेव्हा मला तो प्रश्न कळलाच नाही. तो कळायला 1948 माहीत असावं लागतं.

किल्लारी तेव्हा निजामाच्या राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचाच वकील. रझाकारांपैकी थोड्यांकडेच चांगल्या बंदुका होत्या, बाकीच्यांकडे ठासणीच्या आणि तलवारी. पण निःशस्त्र गावाला तेवढं पुरेसं होतं. सीमेवरची कितीतरी घरं सोलापूर-बार्शीकडे निघून गेली. निजामासाठी सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानं भरभरून शस्त्रं आणत होता.

13 सप्टेंबरला भारतीय फौज सोलापूरकडून आत शिरली. नळदुर्गला बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेतला, आणि त्याच दिवशी तिची एक तुकडी उमरग्यापर्यंत पोचली. समोर होती पहिली हैदराबाद इन्फंट्री. ही पलटण महायुद्धात इंग्रजांच्या बाजूने मलायात लढलेली. म्हणजे खांद्याला खांदा लावून लढलेले सैनिक आता समोरासमोर, आणि दोन्हीकडे हीच थ्री नॉट थ्री! 17 सप्टेंबरला निजाम शरण आला. तो दिवस आपण मुक्तिदिन म्हणून साजरा करतो, आणि करायलाच हवा.

पण आज्जीची गोष्ट तिथे संपत नसे. रझाकार असताना ती ज्वारीच्या रानात लपली होती. नंतर, रझाकार गेल्यावर, शेजारचं मुसलमान कुटुंब त्याच रानात लपलं. तिने त्यांना भाकरी नेऊन दिली. एका रात्री ते निघून गेले, ते परत आलेच नाहीत. हे ती फार हळू आवाजात सांगायची.

मोठेपणी पंडित सुंदरलाल समितीबद्दल वाचलं. समितीने 1948 च्या अखेरीस दौरा केला होता. पोलीस अॅक्शनच्या काळात आणि नंतर मारल्या गेलेल्यांचा त्यांचा अंदाज 27 ते 40 हजारांचा, त्यात बहुतेक मुसलमान. सर्वांत जास्त होरपळलेले जिल्हे चार: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. अहवाल कितीतरी वर्षं बाहेर आला नाही. आम्हाला शाळेत रझाकार शिकवले ते खरंच होतं, फक्त अर्धं होतं. उरलेलं अर्धं आज्जीकडे होतं.

रेंजवरचा आमचा एक ग्रुप फोटो होता. तो 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे जुन्या किल्लारीतल्या घराबरोबर मातीत गेला. तेव्हाही फौज आली, पण फावडी घेऊन. आज्जी त्याआधीच गेली होती. तिने हे जवान पाहायला हवे होते, असं मला फार वाटतं.

असो. भाच्याला पुन्हा फोन केला आणि ही सगळी गोष्ट सांगितली. "मग तू आज्जीला काय उत्तर दिलंस?" त्याने विचारलं.

"कागदावर धरली होती," मी म्हणालो होतो.

"मग कागदावरच धर," आज्जी म्हणाली, आणि माझ्या खांद्याला हळद-तेल लावायला बसली.

तुमच्याही घरात त्या काळातलं कुणी असेल, तर बसून विचारून घ्या. आता फार थोडे राहिलेत.