खोडदची दुर्बीण आणि अनेक कोअरचे संगणक

जुन्नर तालुक्यात नारायणगावच्या पूर्वेस, खोडद परिसरात उभ्या असलेल्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपचा, म्हणजेच जीएमआरटीचा, इतिहास बहुधा रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची कल्पकता आणि तारांच्या जाळीपासून घडवलेल्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या यांच्याभोवतीच फिरतो. त्या तबकड्यांनी टिपलेले संकेत ज्या यंत्रांत एकत्र येतात, त्यांचा इतिहास तितकाच मोलाचा असूनही मागे राहिला आहे.

तीस तबकड्यांची मिळून एकच दुर्बीण व्हावी यासाठी प्रत्येक दोन तबकड्यांच्या संकेतांचा गुणाकार करावा लागतो. अशा 435 जोड्या होतात आणि हे काम करणाऱ्या यंत्रास कोरिलेटर म्हणतात. प्रारंभीचा कोरिलेटर याच कामासाठी बनवलेल्या खास सर्किटांचा असल्याने गणिताची रीत बदलायची झाल्यास सर्किटालाच हात घालावा लागे.

हे काम पुढे साध्या संगणकांकडे आले, त्याची पार्श्वभूमी अशी: 2005 च्या सुमारास प्रोसेसरचा वेग वाढवण्याच्या मार्गात उष्णतेची अडचण आली आणि उत्पादकांनी एकाच चिपवर दोन, पुढे चार कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे गणित करणारे विभाग, बसवण्यास आरंभ केला. मात्र नवी चिप बसवली म्हणजे काम वाटले जातेच असे नाही; ती वाटणी ऑपरेटिंग सिस्टिमकडे असते. विंडोज 98 ला दुसरा प्रोसेसर वापरताच येत नसे, तर विंडोज 2000 व एक्सपीमध्ये यंत्र आणि प्रणाली यांना जोडणारा एचएएल नावाचा थर एकाच प्रोसेसरसाठी बसवलेला असल्यास, तो बदलेपर्यंत दुसरा कोअर रिकामाच राही. लिनक्सने 1996 च्या 2.0 आवृत्तीत अनेक प्रोसेसर स्वीकारले खरे, परंतु कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या मूळ भागाला, एकच मोठे कुलूप असल्याने एका वेळी एकच प्रोसेसर त्यात शिरू शके; ते कुलूप टप्प्याटप्प्याने सैल होत गेले आणि डिसेंबर 2003 च्या 2.6 आवृत्तीत प्रत्येक प्रोसेसरला कामांची स्वतंत्र रांग मिळाली.

खोडदचा नवा कोरिलेटर या पक्व झालेल्या लिनक्सवर उभा राहिला, ही काळाची अनुकूलता होय. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या वर्णनानुसार त्यात बाजारात मिळणाऱ्या 48 संगणकांचा समूह होता. प्रत्येक तबकडीचे दोन याप्रमाणे, दोन जादा जागा धरून, 32 जागांचे 64 संकेत तो हाताळू शके आणि 33 मेगाहर्ट्झ रुंदीच्या वारंवारता-पट्ट्यासाठी दर संकेताचे सेकंदाला किमान 6.6 कोटी नमुने घ्यावे लागत असल्याने, एकूण नमुने सेकंदाला चारशे कोटींवर जात. निरीक्षण चालू असतानाच हे गणित पुरे करायचे असल्याने मागे पडण्यास मुभा नव्हती. म्हणून एकाच प्रोग्रामचे अनेक थ्रेड, म्हणजे समांतर चालणारे प्रवाह, निरनिराळ्या कोअरवर चालवून, माहिती शक्यतो प्रोसेसरजवळच्या कॅश स्मृतीतच राहील अशी रचना करावी लागली. या बदलाचा विशेष लाभ असा की वीजवाहिन्यांवरील ठिणग्यांसारख्या स्रोतांतून येणारा रेडिओ-गोंगाट गाळण्याच्या रीती आता सर्किटाला न शिवता, प्रोग्राममध्येच आणता येऊ लागल्या.

पुढे दुर्बिणीचा पट्टा 400 मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावल्यावर एवढ्या गणिताला हे प्रोसेसर अपुरे पडले आणि ते काम एफपीजीए, म्हणजे अंतर्गत जोडणी हवी तशी बदलता येणाऱ्या चिप, व ग्राफिक्स प्रोसेसर यांच्या संयुक्त यंत्रणेकडे गेले. तरीही खास सर्किटांकडून लिहिलेल्या प्रोग्रामकडे वळण्याचा निर्णायक टप्पा त्या 48 संगणकांनीच गाठला, आणि जीएमआरटीच्या इतिहासात त्यांना तबकड्यांच्या बरोबरीचे स्थान द्यावयास हवे.