रक्ताचे मोल

साक्रीकडे एखाद्या बाळंतिणीला तातडीने रक्त लागले, की नातलगांनी सुरत-नागपूर महामार्ग धरून धुळे गाठावे, हा आमच्या खानदेशातील कित्येक घरांचा अनुभव आहे. जुन्या दिवसांत त्या वाटेवर दोन चिंता सोबतीला असत. गट जुळेल काय, आणि पैसे पुरतील काय? पहिली चिंता निसर्गाची, दुसरी माणसाने निर्माण केलेली. त्या दुसरीचाच इतिहास आम्हांला येथे पाहावयाचा आहे.

मुंबईत लीला मुळगावकर यांनी १९५४ पासून ऐच्छिक रक्तदानाची चळवळ उभी केली. तरीही पुढील चार दशके देशातील रक्तपेढ्यांचा मोठा भार पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर राहिला. हे विक्रेते कोण होते? बेकार मजूर, रिक्षा ओढणारे, व्यसनाच्या आहारी गेलेले. काही जण तर महिन्यातून पाचसहा वेळा रक्त विकीत. आणि धडधाकट पुरुषानेही दोन रक्तदानांत तीन महिन्यांचे अंतर ठेवावे, असा नियम आहे! १९९० सालच्या पाहणीत देशातील १०१८ रक्तपेढ्यांपैकी ६१६ विनापरवाना आढळल्या.

पुण्यात याहून भयंकर घडले. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातील द्रव, काढून घेऊन तांबड्या पेशी विक्रेत्याला परत देतात. म्हणून त्याला पुन्हा पुन्हा बोलावता येते. अशा विक्रेत्यांत एचआयव्हीचा संसर्ग फैलावल्याचे पुण्यातील संशोधकांनी १९८९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. पैशाची निकड असलेला मनुष्य आपला आजार लपवितो, हे इंग्लंडातील रिचर्ड टिटमस यांनी १९७० सालीच आपल्या ग्रंथात दाखविले होते. अखेर ‘कॉमन कॉज’ संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल दिला, आणि १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक रक्तदान बंद झाले.

वाचकांना वाटेल, ख्रिस्तसभेने हे आधीच निषिद्ध ठरविले असेल. तसे नाही. पोप बारावे पायस १९५६ साली नेत्रदानाविषयी बोलताना रक्ताचाही दाखला देऊन म्हणाले होते, की मोबदला नाकारणे स्तुत्य आहे. पण तो घेणे हा प्रत्येक वेळी दोषच, असे नव्हे. आम्हांला यात शहाणपण दिसते. चूल पेटावी म्हणून रक्त विकणाऱ्याला नावे ठेवणे सोपे. त्याच्या भुकेवर पेढी उभारणाऱ्याचे काय? रक्ताचे मोल म्हणून ती तीस नाणी मंदिराच्या भांडारात टाकण्यास याजकांनी नकार दिला, पण मोजून दिली होती त्यांनीच; मत्तयच्या शुभवर्तमानातील हा प्रसंग आम्हांला नेहमी खटकतो.

आज रक्तपेढीने केवळ प्रक्रियाशुल्क घ्यावे, असा दंडक आहे. तरी रक्त ही विकण्याची वस्तू नव्हे, याची आठवण केंद्रीय औषध नियंत्रकांना पुन्हा करून द्यावी लागली. शिवाय, उरलेल्या प्लाझ्मासाठी लिटरला १६०० रुपये हा दर २०१५ साली सरकारनेच ठरविला. त्यापासून औषधे होऊन ती बाजारात विकली जातात. तो पैसा रुग्णांसाठी खर्च झाला तर आमची तक्रार नाही. परंतु शिबिरात बाही वर सारून बसलेल्या तरुणाला हे कोणी सांगते काय?

साक्रीच्या पश्चिम भागातील आदिवासी पाड्यांवर सिकलसेलची मुले आहेत. राष्ट्रीय धोरणानुसार त्यांना रक्त विनाशुल्क मिळावयाचे. मात्र मुलीला घेऊन धुळ्याला गेलेल्या बापाची त्या दिवसाची मजुरी बुडते, ती बुडतेच.