वाळवंटातील सातबारा

संयुक्त अरब अमिरातीचे नाव आता आपल्या घराघरांत परके राहिलेले नाही. इस्राएलशी व्यवहार करण्यास बंदी घालणारा तेथील १९७२ चा कायदा ऑगस्ट २०२० मध्ये रद्द झाला. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला वॉशिंग्टन येथे उभय देशांच्या करारावर सह्या झाल्या आणि जाण्यायेण्याची वाट मोकळी झाली. दुबईस एखादी सदनिका घ्यावी अशी बोलणी घरात निघाली, की वडीलधारी मंडळी पहिला प्रश्न विचारतात : “जागा कुणाच्या नावावर आहे, हे कोठे पाहावयाचे? तेथे सातबारा असतो काय?”

प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तरात एक मोठा इतिहास आहे. आपण मूळचे कोकणचे. आपली आडनावेच गावांवरून पडलेली : पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमकर. तेव्हा जमीन आणि नाव यांचे नाते आपल्याला शिकवावे लागत नाही. म्हणून या वाळवंटातील जमिनीच्या दप्तराची हकीकत येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे. तिचा आपल्याही घराशी संबंध आहे, हे पुढे दिसून येईल.

या किनाऱ्याचा आणि मुंबईचा संबंध जुना आहे. इंग्रजांनी १८२० साली आणि पुन्हा १८५३ साली तेथील शेखांशी तह केले, ते समुद्रावरील शांततेसाठी. १८७३ पर्यंत इराणी आखाताचा राजकीय कारभार मुंबई सरकारच्या अखत्यारीत होता, आणि तेथील बाजारात १९६६ पर्यंत रुपयाच चालत होता. पण येथे एक मौजेची गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या मुंबई सरकारने गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या हातून आपल्या मुलखात शेतनशेत मोजून घेतले, सर्व्हे नंबर पाडले आणि आकार बसवला, त्याच सरकारने आखातात जमिनीला साखळी लावली नाही. त्याला तेथे पाहिजे होता तो समुद्र. वाळू मोजून शेतसारा थोडाच मिळणार होता!

मग तेथे जमीन कुणाची, हे ठरत असे कसे? गावातील घर ज्याच्या वहिवाटीत, त्याचे. खजुराची बाग वारसाने चाले. खरेदी-विक्री झालीच तर काझीपुढे साक्षीदारांनिशी कागद होई. अल्-ऐनसारख्या ठिकाणी पाणी ‘फलज’ नावाच्या पाटाने येते. तेथे पाण्याची पाळी हीसुद्धा मालमत्ताच होती. कोणाचे पाणी किती वेळ, हे दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून मोजीत. उघड्या माळावर मात्र विहिरी आणि चराई टोळीची. हद्दीचा दगड नव्हता. म्हाताऱ्यांची आठवण हीच हद्द.

तेलाचा शोध सुरू झाला आणि ही आठवण अपुरी पडू लागली. १९४९ साली सौदी अरबस्तानने बुराइमीच्या ओअॅसिसवर आणि भोवतालच्या प्रदेशावर हक्क सांगितला, आणि १९५२ साली त्यांची माणसे तेथील हमासा गावात येऊन बसली. अबूधाबी आणि मस्कत यांच्या वतीने ब्रिटन उभे राहिले. १९५४ साली प्रकरण लवादाकडे सोपवण्याचे ठरले आणि दोन्ही पक्षांनी आपापली भलीमोठी निवेदने तयार केली. त्यांत पुरावा कोणता दिला? कुठल्या टोळीने जकात, म्हणजे धर्माचा कर, कोणाच्या माणसाच्या हातात दिला, हा! आपल्याकडे भांडण लागले म्हणजे जुन्या पेटीतून शेतसाऱ्याच्या पावत्या शोधून काढतात, तोच हा प्रकार. १९५५ साली जिनिव्हा येथील लवाद मोडला आणि त्या ऑक्टोबरात निर्णय बंदुकीने झाला. सौदी-अबूधाबी सीमेचा करार व्हावयास १९७४ साल उजाडले.

त्याच दशकात ज्यूलियन वॉकर नावाच्या एका तरुण ब्रिटिश अधिकाऱ्यावर शेखांच्या आपापसातील हद्दी ठरविण्याचे काम आले. दप्तर नव्हते, तेव्हा तो गावोगाव, डोंगरोडोंगर हिंडला. ही विहीर कुणाची, हा ओढा कुणाचा, तुम्ही कोणत्या शेखाला मानता, असे विचारीत त्याने नकाशा केला. म्हणून तो नकाशा गोधडीसारखा झाला आहे. अमिरातीच्या पोटात मधा हा ओमानचा तुकडा आहे, आणि त्या मधाच्याही पोटात नहवा हे शारजाचे गाव आहे. कागद नसला म्हणजे माणसाच्या तोंडचा शब्दच कागदावर उतरतो. मात्र तो सांगणारा माणूस जाग्यावर हजर असावा लागतो.

दुबईत जमिनीचे खाते १९६० साली स्थापन झाले. त्या वेळी शेख रशीद बिन सईद अल् मक्तूम यांचा अंमल होता. तेल अद्याप सापडावयाचे होते. ते १९६६ साली सापडले. पण दुबईची खाडी गाळाने भरत चालली होती. ती खोल करण्याचे काम त्या सुमारास झाले, आणि उपसलेल्या वाळूने काठाला नवी जमीन तयार झाली. जॉन हॅरिस या वास्तुशिल्पकाराने शहराचा पहिला आराखडाही १९६० सालीच केला. कालपर्यंत जेथे पाणी होते, त्या जागेविषयी कोणत्या म्हाताऱ्याची साक्ष काढणार? तेथे नोंदवहीशिवाय गत्यंतर नव्हते.

पुढे २००२ साली परदेशीयांना ठराविक भागांत घरे घेण्याची मुभा मिळाली. २००६ च्या सातव्या कायद्याने सर्व नोंदणीला पक्के रूप आले. या कायद्याने मालकीचा सर्वसाधारण हक्क अमिरातीच्या आणि आखाती सहकार परिषदेच्या देशांच्या नागरिकांचा. इतरांना शासकाने नेमून दिलेल्या भागांतच पूर्ण मालकी, अथवा ९९ वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा घेता येतो. येथे हेही सांगणे अगत्याचे आहे, की जमीन हा तेथे एकेका अमिरातीचा विषय आहे. अबूधाबीचा कायदा वेगळा, शारजाचे खाते वेगळे. एकाच्या दप्तरात दुसऱ्याची जागा सापडावयाची नाही.

तेव्हा वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर असे : होय, दप्तर आहे, पण ते सातबाऱ्यासारखे नव्हे. दोन मोठे फरक आहेत.

पहिला फरक पाहण्याच्या हक्काचा. महाराष्ट्रात गाव आणि गट नंबर ठाऊक असला, की कोणाचाही सातबारा कोणालाही पाहता येतो. आता तर तो सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या दिसतो. दुबईत कायद्याने दप्तर पाहण्याचा हक्क संबंधितांना, न्यायालयांना आणि त्यांनी नेमलेल्या तज्ज्ञांना आहे. शेजाऱ्याच्या नावाने मिळकत शोधता येत नाही. विकणाऱ्याने आपले मालकीपत्र दाखवावे आणि घेणाऱ्याने ते खरे की खोटे, हे त्या खात्याकडून पडताळून घ्यावे, अशी रीत आहे. पैसे देण्यापूर्वी ही पडताळणी करावीच.

दुसरा फरक नोंदीच्या वजनाचा. दुबईच्या नोंदवहीतील नोंद हा निर्णायक पुरावा. लबाडी किंवा बनावट कागद सिद्ध केल्यावाचून ती हलत नाही. महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेतील कलम १५७ मात्र एवढेच म्हणते, की नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानावी. म्हणजे आपला सातबारा हा पुरावा खरा, पण शेवटचा शब्द नव्हे. त्याच्यामागे फेरफार, वारसनोंद, खरेदीखत अशी रांग उभी असते, आणि ती रांग सांगणारे माणूस लागते.

आता आमच्या सांगण्याचा मतलब. आखातात माणसे जाग्यावर होती, कागद नव्हता. आपल्या कोकणात कागद आहे, माणसे निघून आली. १९४८ नंतर कुटुंबेच्या कुटुंबे इस्राएलला आली. मागे राहिले ते भातखाचर, नारळीचे आगर, आळीतले घर. कूळ कायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कसणारे कूळ जमिनीचे मालक गणले गेले. ते कायद्याने झाले, आणि कसणाऱ्याला जमीन मिळाली यात विषाद मानण्याचे कारण नाही. पण पुष्कळ घरांना आपले काय गेले आणि काय राहिले, हेच आज ठाऊक नाही. कित्येक उताऱ्यांवर पणजोबांचेच नाव अद्याप असावयाचे, कारण वारस लावण्यास तलाठ्याकडे कोणी गेलेच नाही.

शोधू म्हणणाऱ्यास पहिली अडचण नावाची येते. आज आपण ज्यांना शमुएल यहेज्केल म्हणू, ते १७९६ साली मुंबईत आपले पहिले प्रार्थनालय बांधणारे गृहस्थ समाजात सामाजी हसाजी दिवेकर म्हणून ओळखले जात. दप्तरात आपले पूर्वज अशाच नावांनी असतात. इस्राएलच्या ओळखपत्रावरील नाव घेऊन शोधले, तर हाती काही लागावयाचे नाही. दुसरी अडचण जिल्ह्याची : जुन्या कागदांवर कुलाबा असेल, तो १९८१ पासून रायगड आहे. शेतजमिनीस सातबारा व फेरफार पाहावेत, गावठाणातील व शहरातील घरास नगर भूमापन कार्यालयातील मिळकत पत्रिका, आणि जुन्या खरेदीखतांसाठी दुय्यम निबंधकाची सूची. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ हा रकाना वाचल्याशिवाय उतारा खाली ठेवू नये.

यातून प्रत्येकाला जमीन परत मिळेल, असे आम्ही म्हणत नाही. बहुतेकांना ती मिळणार नाही. पण आपले आजोबा कोणत्या गावी, कोणत्या ओढ्याच्या काठी, किती गुंठ्यांवर नांदत होते, हे नातवंडांना सांगता येणे ही काही लहान मिळकत नव्हे. वॉकरसाहेबाला सांगावयास म्हातारे हजर होते म्हणून त्याचा नकाशा झाला. आपल्या घरीही अजून कोणी आजी असेल, जिला तालुका, गाव, शेताचे नाव आणि शेजारच्या खातेदाराचे नाव तोंडपाठ आहे. वाचकांनी तिच्यापाशी बसून ते मराठीत, जुन्या नावांसकट, लिहून घ्यावे, आणि त्याची एक प्रत प्रत्येक मुलाच्या घरी ठेवावी.